सासूबाईंनी सोडलेला भात

मला मूल नको होतं. आज जितक्या सरळ लिहिते आहे तितक्याच सरळ मी हे लग्नाआधी यांना सांगितलं होतं. आठ भावंडांत मी थोरली. आईची बाळंतपणं एकामागून एक चालायची आणि दुपटी धुणं माझ्या वाट्याला. मॅट्रिकच्या पेपराच्या आदल्या दिवशीही मी धाकट्याची शेक-शेगडी करत होते. माझ्या वाटणीची मुलं माझी वाढवून झाली होती.

हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. मला बघायला आले तेव्हा मोठ्या माणसांनी मेहेरबानी करून आम्हाला पाच मिनिटं अंगणात बोलू दिलं. मी तेवढ्यात सांगून टाकलं, मूल नकोय, चालत असेल तर हो म्हणा, नाहीतर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. हे हसले. दोन दिवसांनी होकार आला, आणि दिलेला शब्द यांनी जन्मभर पाळला. त्यासाठी काय करायचं ते एका भल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून दिलं होतं.

लग्नानंतर वर्षभरात यांना जयपूरला नोकरी लागली. परकोट्याबाहेर, म्हणजे जुन्या शहराच्या तटाबाहेर, नवी घरं उठत होती, त्यातलं एक आम्ही भाड्यानं घेतलं. मलाही मुलींच्या शाळेत काम मिळालं. मग सासरे वारले आणि सासूबाई रत्नागिरीकडच्या घराला कुलूप लावून आमच्याकडे आल्या. हे त्यांचे एकुलते एक.

सहा महिन्यांनी त्यांनी विचारलंच. खरं सांगायची माझी तयारी होती, यांची नव्हती. "तिला समजायचं नाही, उगाच तुला बोल लागेल," असं मला म्हणाले आणि आईला सांगितलं, "डॉक्टरांना दाखवलंय. बघू." आमची चूक ती हीच. सासूबाईंना वाटलं, सुनेच्या अंगात काही कमी आहे आणि औषधपाणी चालू आहे. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुढच्या चतुर्थीला मोती डुंगरीच्या गणपतीला गेल्या आणि आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, "नातवंडाचं तोंड बघेपर्यंत भात सोडलाय हो मी. मला वाढू नकोस."

शेजारच्या जयपुरी बाईंना हे कळलं तेव्हा त्यांना हसूच आलं. "माँजी, चावल छोडना भी कोई व्रत हुआ? हम तो ब्याह-शादी में खाते हैं." सासूबाईंना फार लागलं ते. जिचा दिवस मऊ भातानं उजाडायचा आणि आमटी-भातानं मावळायचा, ती बाई आता बाजरीची भाकरी दुधात कुस्करून गिळत होती. दात आधीच हलत होते. गणपतीत तांदळाची पिठी दळून आणायच्या, स्वतः उकड काढायच्या, एकवीस मोदक वळायच्या. कळ्या इतक्या नाजूक पडायच्या की इथल्या दहा-बारा मराठी घरांतल्या बायका बघायला यायच्या. त्यातला एकही मोदक त्या तोंडात घालायच्या नाहीत. पिठीसुद्धा तांदळाचीच ना, म्हणायच्या.

मी वैतागायचे. त्यांच्यावर नाही, त्या ताटावर. भाताची मूद नसलेलं ते ताट रोज दोनदा माझ्यासमोर यायचं, आणि मी मात्र वरण-भात ओरपत बसलेली असायचे. यांना किती वेळा म्हटलं, सांगून टाकू या. हे म्हणायचे, "सांगू, पुढच्या सुट्टीत सांगू." सुट्ट्या येत होत्या नि जात होत्या. हे जेवताना आईच्या ताटाकडे बघायचे. मला वाटायचं, यांना अपराधी वाटतंय.

अशी अकरा वर्षं गेली. मी शाळेत मुख्याध्यापिका झाले, सासूबाईंचे दात गेले. अकराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचं पोट बिघडलं ते काही केल्या थांबेना. डॉक्टर म्हणाले, पेज द्या, मऊ भात द्या, दुसरं काही पोटात ठरायचं नाही. सासूबाईंनी नको म्हणून मान हलवली. चार दिवस त्या साबुदाण्याच्या पाण्यावर राहिल्या. हे परीक्षा घ्यायला उदयपूरला गेले होते. पाचव्या दिवशी दुपारी मी पेजेची वाटी घेऊन खाटेपाशी बसले, त्यांनी तोंड फिरवलं, आणि माझा धीरच सुटला.

"आई, खा हो. तुमचा नवस फिटायचा नाही."

"असं अभद्र बोलू नये गो. अजून वय गेलेलं नाही तुझं."

"वयाचं काही नाही. आम्हाला मूल नकोच होतं. लग्नाआधीच ठरलं होतं. डॉक्टर नाही, औषध नाही, काही नाही."

त्या कोपर टेकून जरा उठल्या. मग विचारलं, "म्हणजे तुझ्यात काही दोष नाही?"

"नाही."

"त्याच्यात?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. "मला वाटायचं, माझंच काही चुकलं. घरचे देव कुलपात ठेवून आले म्हणून."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. अकरा वर्षं मी त्यांना भोळी समजत होते, आणि त्या सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन बसल्या होत्या. मला रडू आवरेना. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आण ती वाटी." चार घास घेतले, थांबल्या.

"कुणी ठरवलं? तू की त्यानं?"

"दोघांनी," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. मी सांगितलं होतं, यांनी हो म्हटलं होतं. अंगणातल्या त्या पाच मिनिटांत मी यांना तुम्हाला काय हवंय असं विचारलंच नव्हतं. पुढेही कधी विचारलं नाही. यांनी तक्रार केली नाही, म्हणजे यांना चालतंय, असा माझा साधा हिशेब.

सासूबाईंनी उरलेली पेज संपवली आणि कुशीवर वळल्या.

तिसऱ्या दिवशी हे परत आले. सासूबाई आता भिंतीला टेकून बसत होत्या आणि ताटलीत मऊ भात, वर तूप-मीठ, असं चमच्यानं खात होत्या. हे दारातच थांबले. ट्रंक हातातच होती. आईच्या ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस," म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. तेव्हा मला कळलं, की आईनं भात सोडलाय तोवर काही संपलेलं नाही, असं हा माणूस अकरा वर्षं मनात धरून होता. शब्द दिला होता म्हणून स्वतः काही मागत नव्हता. आई मागत होती, तेवढ्यावर भागवत होता.

मूल नको म्हटल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. खोटं कशाला बोलू. पण त्या दुपारी मी पान मांडलं, हे पाटावर बसले, मी वाफाळत्या भाताची मूद यांच्या पानात पाडायला हात पुढे केला, आणि यांनी पानावर हात आडवा धरला.

"मला आज भात नको," म्हणाले.