दुधाची मुभा

शेजारी दूध करपले, की नव्वदच्या दशकातला उत्तरेत नदीकाठी, दुर्गाघाटावर राहत असतानाचा एक हिवाळा आठवतो. डायलिसिसवर असलेल्या ह्यांना दूध वर्ज्य होते. म्हणून मीही, त्यांच्या नकळत, कोरा चहा घेत असे. ह्यांच्या मानेतल्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी त्या आजारात अनावर झाल्या आणि त्यांनी हाडांतले कॅल्शियम ओढून हाडे पोखरली, तेव्हा त्या काढाव्या लागल्या. वेदपठणावर जगणाऱ्या माणसाचा आवाजच जाईल, या धास्तीने मी दवाखान्याच्या गार बाकावर एकटीच बसले होते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, “हड्डियाँ ख़ून से कैल्शियम वापस खींच रही हैं, अब इन्हें दूध दीजिए.” मी पेला पुढे केला. हे घोगऱ्या, पण स्वतःच्याच आवाजात म्हणाले, “अगं, आधी तुझ्या चहात घाल. मला काय दिसत नव्हतं?” आता ज्याच्यापासून लपवावे, असे घरात कोणी उरले नाही, तरी चहा मी कोराच घेते.