सुनेला एकही शिवी नाही

रुखमाबाई गोड बोलायला लागली की समजावं, समोरचा माणूस तिला नकोसा झालाय. पटवारी आला की ती म्हणायची, "या, बसा साहेब." तो बिचारा खूश होऊन बसायचा आणि तिचा नवरा लटारू मिशीत हसायचा. लटारूला स्वतःला लग्नापासून 'मुर्द्या'खेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती. त्या खुराकावर म्हातारा टुणटुणीत होता.

अशा घरात इंदू सून म्हणून आली. बल्लारशाच्या रेल्वे खलाशाची लेक, आगगाडीच्या शिट्ट्या ऐकत वाढलेली, आणि पडली मूल गावापलीकडच्या जंगलात. सासू पहिल्या दिवसापासून म्हणायची, "तुमी बसा बाई, पाणी मी आणीन." इंदूला वाटलं, नशीब काढलं. तिनं नवऱ्याला, झाडूला, कौतुकानं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"पाहुण्याले बोलते तसं बोलते माय तुले," तो म्हणाला. "आपल्या माणसाले असं नाई बोलत."

"मंग मी काय पाहुणी आहो?"

"तिले वाटते, पावसाळ्यात रस्ता बंद व्हायच्या आत तू माहेरी पळशीन." झाडू भात चिवडत राहिला. "माह्याआधीची दोन लेकरं गेली. त्याइची नावं चांगली होती. मंग मले जन्मल्याबरोबर कचऱ्यात लोळवलं न् झाडू नाव ठेवलं. तवापासून जे आपल्यापाशी राहावं वाटते, त्याले माय चांगलं म्हणतच नाई."

इंदू मग हट्टालाच पेटली. या घरात राहायचं तर शिवी खाऊनच. तिनं भाजीत मूठभर मीठ टाकलं. सासू म्हणाली, "छान झाली बाई," आणि घटाघट पाणी पिणाऱ्या लटारूचा मात्र उद्धार झाला. इंदूनं माठ फोडला. "जाऊ द्या, मातीचाच तं होता." इंदूला रडूच आलं. शेजारच्या सुना दिवसभर 'सटवे', 'अवदसे' ऐकत मजेत नांदत होत्या, आणि हिच्या वाट्याला नुसतं 'बाई, बाई'!

मोहफुलांचा हंगाम आला. एका सकाळी इंदू टोपली घेऊन एकटीच निघाली. सगळी फुलं वेचून सासूपुढे ओतायची, एवढंच डोक्यात. आता मोहाखाली जाताना माणूस लांबूनच खाकरतं, टोपली बडवतं, म्हणजे फुलं खायला आलेलं अस्वल आपल्या वाटेनं निघून जातं. बल्लारशात हे कोण शिकवणार? ती चोरपावलांनी गेली. बुंध्याशी पोचली, तर पलीकडे अस्वल फुलं खात बसलेलं. त्यानं मान वर केली. इंदूला ना पळता येईना, ना ओरडता.

खुंटीवरची टोपली नाही म्हटल्यावर रुखमाबाईनं कुऱ्हाड उचलली होती. पदर खोचून ती धावत आली ती तोंडाचा पट्टा सोडूनच. "सटवे! भैताडे! डोये फुटले का तुये? कोणाले इचारून आली वं?" अस्वलाची आई काढून झाली, इंदूचं माहेर काढून झालं, रेल्वेसुद्धा सुटली नाही. अस्वलानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि गुमान झुडपात शिरलं.

रुखमाबाईनं सुनेला दंडाला धरून गदगदा हलवलं. "तू मेली असती तं मी काय केलं असतं वं, अवदसे?" आणि ही पोरगी खुळ्यासारखी हसत होती, रडतही होती.

जेवताना सासूनं ताटात भात आदळला. "गिळ, भैताडे."

"तूच गिळ आधी, थेरडे," इंदू म्हणाली. "सकायपासून उपाशी मरून राह्यली."

लटारूला ठसका लागला. झाडूनं डोळे मिटून घेतले. रुखमाबाईनं जन्मभर गावाला शिव्या वाटल्या होत्या, पण उलटून तिला एक द्यायची हिंमत कोणाची झाली नव्हती. तिनं स्वतःचं ताट ओढलं आणि जेवली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती भेटेल तिला सांगत होती, "माही सून मले थेरडी म्हणते," नवा दागिना दाखवावा तसं. पटवाऱ्याच्या बायकोनं "अरेरे" म्हटलं, तेव्हा रुखमाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या नशिबी कुठी असं, बाई?"