मंडपवाल्याच्या खाली मामा

ताईच्या लग्नाची पत्रिका छापताना मामांचं नाव कुठे घ्यायचं, यावर घरात बराच खल झाला होता. तो मिटला तरी मला शहाणपण सुचलं आणि मी सोशल मीडियावरही निमंत्रण टाकायचं ठरवलं. मेहरूणला घरी बसून प्रोग्रॅम लिहिणं हाच माझा धंदा. बाहेरच्या प्रोग्रॅमना आत शिरायला त्या कंपनीने एपीआय नावाचं दार ठेवलंय. त्यातून माझा प्रोग्रॅम निमंत्रण टाकायचा आणि खाली निमंत्रकांना टॅग करायचा. पहिले साक्रीचे मामा, मग बाकीचे, शेवटी हट्टाने घुसलेला मंडपवाला.

लग्न तोंडावर आलं असताना कंपनीने एपीआय अपडेट केला. सोबत दुरुस्त्यांची यादी आली. ती कोण वाचतं? सकाळी पाहतो तर नावं अकारविल्हे लागलेली, मंडपवाला सगळ्यांत वर आणि मामा तळाला. आमचा मानपान कंपनीच्या लेखी दोष होता आणि तो तिने काढून टाकला होता.

मामांनी कळवलं की ते लग्नाला येणार नाहीत. आईने घर डोक्यावर घेतलं. नवरीला बोहल्यावर कोण आणणार, असं ती मलाच विचारत राहिली. ताई मामांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, ती जेवेना. मी खरंच घाबरलो.

मामांचं नाव मजकुरात सर्वांच्या वर लिहून पाहिलं. पण टॅग निळे दिसतात आणि मजकूर काळा. निरोप आला, "बठ्ठा निळा आन् मी एकलाच काळा का?" कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर मिळालं की सगळं अपेक्षेप्रमाणेच चालू आहे. कोणाच्या अपेक्षेप्रमाणे, ते काही त्यांनी लिहिलं नव्हतं.

शेवटी साक्रीची बस धरली. वाटेत ती दुरुस्त्यांची यादी एकदाची वाचली. तळाशी लिहिलं होतं की एपीआयची जुनी आवृत्ती दिवाळीपर्यंत चालेल. बसमध्येच प्रोग्रॅम तिच्यावर वळवला आणि मामांच्या ओट्यावर मोबाइल पुढे केला. मामा पहिले. त्यांनी चष्मा लावून खात्री केली.

"हाई किती दिन राही?"

दिवाळीपर्यंत, मी म्हणालो.

"लगन त्याना पहिले शे. मी येस."

मामांनीच ताईला बोहल्यावर आणलं, आणि तिच्याहून जास्त तेच रडले.

दिवाळीत जुनी आवृत्ती बंद झाली आणि काढायचं राहून गेलेल्या निमंत्रणावर मंडपवाला पुन्हा वर चढला. लगेच मामांचा फोन. शिव्या खायच्या तयारीने मी उचलला.

"आते राहू दे," ते म्हणाले. "पण तुन्हा लगनले दुरुस्त पाहिजे."

तेव्हापासून मी कंपनीला नेमाने तक्रार पाठवतो आणि तेच उत्तर येतं. आई माझ्यासाठी मुली पाहते आहे. मी तिला म्हणतो, थांब, आधी अपडेट येऊ दे.