बाईंच्या दहाव्याला सरपंचांनी दिलेला शब्द

इंदूबाईंच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर सगळ्यात लहान फोटो इंदूबाईंचाच आहे.

बाकी सगळे नेते. हात जोडलेले, गॉगल लावलेले. एक जण तर चक्क हसतोय.

खाली लिहिलंय, 'बाईंचे अपूर्ण कार्य आम्ही पूर्ण करू.'

वाचलं आणि डोकंच फिरलं. बाईंचं काम अपुरं राहावं म्हणून ज्यांनी जिवाचं रान केलं, तेच हे लोक.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

शेवगावच्या पुढं आमचं कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जातं. आईबापासोबत पोरंही जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच.

मुलगी जरा मोठी झाली की तिचं लग्न उरकतात, कारण मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला आमच्याकडं 'कोयता'च म्हणतात.

इंदूबाई आमच्या शाळेवर शिक्षिका होत्या. रिटायर झाल्या, पण नगरच्या घरी गेल्या नाहीत. स्टँडजवळचं पंचायतीचं पडीक समाजमंदिर मागून घेतलं, स्वतः झाडलं आणि तिथं अभ्यासिका सुरू केली.

गावात मागं राहिलेल्या पोरांचा अभ्यास, जेवण, सगळं तिथंच. पुढं पोलीस भरतीची, नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुलीही यायला लागल्या.

प्रेमळ वगैरे नव्हत्या हं.

गणित चुकलं की 'गाढवा'शिवाय हाक नाही. चहात साखर रेशनची असल्यासारखी घालायच्या. ग्रामसभेत मुलींच्या संडासाचा विषय निघेपर्यंत स्वतः उठायच्या नाहीत, आणि निघाला की मेंबर लोकांना उठू द्यायच्या नाहीत.

माझंच सांगते. नववीत असताना माझंही ठरलं होतं.

ट्रक भरला होता. भांडीकुंडी वर, शेळी वर, मीही वर. कारखान्यावर पोचल्यावर लग्न लागणार होतं. बाई आल्या आणि ट्रकच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून गाव गोळा केलं.

माझे वडील, आण्णा, वरूनच म्हणाले, "बाई, पोरगी मागं ठिवून आमी करायचं काय? रीत हाय ती."

बाई म्हणाल्या, "रीत असू दे. पोरगी खाली उतरव."

आण्णांनी मला उतरवलं. मी आईसाठी खूप रडले. बाईंनी जवळबिवळ घेतलं नाही. भाकरी वाढली आणि पुस्तक पुढं ठेवलं.

आज मी एसटीत कंडक्टर आहे. लग्नही केलंय, माझ्या मर्जीनं.

तर बाई गेल्या. दोन दिवस होत नाहीत तोच अभ्यासिकेला नवं कुलूप.

विचारलं तर म्हणे दुखवटा आहे. कसला दुखवटा? त्या जागेवर दुकानाचे गाळे काढायचं ठरलंय, हे चहाच्या टपरीवरही माहीत होतं. भरतीची परीक्षा तोंडावर आलेल्या मुली बाहेर पायऱ्यांवर बसून वाचत होत्या.

आज बाईंचा दहावा होता. नदीवर अख्खं गाव जमलेलं. सरपंचांनी माईकवर भाषण ठोकलं, गहिवरले सुद्धा. मग बाईंच्या भाच्यानं पिंड ठेवला.

कावळा काही शिवेना.

सगळे कावळे लिंबावर नुसते बसून. जुनी माणसं म्हणाली, बाईंचा जीव कशात तरी अडकलाय, कुणीतरी शब्द द्या. भाचा म्हणाला घराकडं लक्ष देईन. कुणी म्हणालं झाडं लावू. कावळे जागचे हलेनात. ऊन चढायला लागलं.

खरं सांगू? बाई यातलं काही मानत नव्हत्या. मीही मानत नाही. पण समोर बसलेले मानत होते ना.

मी उठले. कंडक्टर आहे, मला माईक लागत नाही.

"बाईंचा जीव कशात हाय ते सगळ्यांना ठावं हाय. अभ्यासिकेला कुलूप हाय. सरपंच, शब्द तुमी द्या."

सरपंच कसंनुसं हसले. म्हणाले, "ताई, हा विषय आपण निवांत बसून बोलू."

मागून यमुनाआजी उठल्या. त्यांची नात अभ्यासिकेत येते.

"बसून न्हाई. उभ्यानंच बोल. ती बाई थांबलीय तिकडं."

आता अख्ख्या गावासमोर, पिंडापुढं, कोण नाही म्हणेल?

सरपंचांनी हात जोडले. "अभ्यासिका हाय तिथंच राहील. कुलूप आजच काढतो."

मग कावळा शिवला का, असं सगळे विचारतायत. मला माहीत नाही. मी सरपंचांच्या तोंडाकडं बघत होते.

काहींना राग आलाय. दहाव्याला असा तमाशा करतात का, गेलेल्या माणसाचा मान ठेवायचा असतो म्हणे. अहो, एका बाईनं आयुष्य घालून उभं केलेलं काम मोडायचं आणि तिच्या फोटोला हार घालायचा, हा कुठला मान? मला पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन. आणखी मोठ्यानं करीन.

दुपारी पंचायतीचा शिपाई आला. कुलूप काढलं आणि पिशवीत टाकायला लागला. मुलींनी त्याला चहा पाजला आणि कुलूप ठेवून घेतलं. किल्लीसकट.

सरपंच, या पोस्टमध्ये तुम्हाला टॅग केलंय. शब्द दिलेला अख्ख्या गावानं ऐकलाय. आमच्या मुलींचं पाठांतर चांगलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

बाई, इतके दिवस या भांडणात रडायला सवड मिळाली नाही. आत्ता लिहिताना रडू येतंय. येऊ दे.

जा निवांत. रामराम घ्या.

दार उघडं आहे.