चिखल्याचा गोलकीपर

केवळराम कापगते मूळचा आसगावचा. घरी धानाची शेती, पण दोन भावांचं पोट भरेल इतकी नव्हती. बाप लहानपणीच गेलेला. आई आनंदाबाईनं धाकट्या सेवकरामला शेतीवर ठेवलं आणि केवळरामला चिखल्याच्या मँगनीज खाणीत धाडलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

तोवर त्यानं हॉकीची काठी हातातही धरली नव्हती. खाणीत मात्र हॉकीचं भलतं वेड होतं. पाळी सुटली की अंगाची काळी धूळ तशीच घेऊन माणसं मैदानावर उतरत. टीमचा कप्तान गोपीचंद नाकाडोंगरीचा, फुलबॅक खेळायचा. एक दिवस रुळावरच्या भरलेल्या टबमधून निसटलेला दगड केवळरामनं सरळ पायानं अडवला. बाकीचे बाजूला उडाले, हा जागचा हलला नाही. गोपीचंदनं ते पाहिलं आणि त्याच संध्याकाळी त्याला गोलमध्ये उभं केलं.

तिथून सात-आठ वर्षं पुढं गोपीचंद आणि मागं केवळराम अशी जोडी जमली. दोघांची पाळी एक, डबा एक. गोपीचंद मागं वळून पाहायचा नाही. मागं कोण उभा आहे हे त्याला ठाऊक होतं.

आनंदाबाई एकदा खाणीच्या वसाहतीत राहायला आली होती. मुलाचा खेळ बघायला गेली आणि घरी येऊन रागावली.

"सारे तुह्याच आंगावर चेंडू मारून राह्यले, अन तू तिथंच उभा काहून रायतेस?"

केवळरामची बायको शकुनबाई पोट धरधरून हसली. आई मात्र त्याच्या नडगीवरच्या गाठींना तेल चोळत बसली.

पंचाहत्तरच्या मार्चमध्ये क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, भारत आणि पाकिस्तानचा. भैय्यालालच्या चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती अर्धी वसाहत गोळा झाली. आपण दोन-एकनं जिंकलो तेव्हा गोपीचंदनं केवळरामला खांद्यावर घेतलं आणि खाणीच्या फाटकापर्यंत नेलं. जणू गोल यानंच राखला होता. त्या दिवसापासून गोपीचंदच्या डोक्यात एकच घुसलं, की यंदा खाणींच्या स्पर्धेची ढाल आणायचीच.

शहात्तरच्या जानेवारीत टीम बालाघाटला अंतिम सामन्यापर्यंत पोचली. सामना दुपारी तीनला होता. केवळराम त्या दिवशी असा खेळला, की समोरच्या टीमचे लोकही शेवटी टाळ्या वाजवू लागले. एकही चेंडू त्यानं आत जाऊ दिला नाही. चिखला एक-शून्यनं जिंकलं. पोरांनी त्याला उचललं, गुलाल उधळला. गोपीचंद तेवढा बाजूला उभा होता. गर्दी ओसरल्यावर तो जवळ आला आणि खिशातून घडी घातलेली तार काढून त्यानं केवळरामच्या हातात दिली.

आई गेली होती. पहाटेच.

"कवा आली हे?" केवळरामनं विचारलं.

"सकाळी अकराले. ट्रकवाल्यानं खाणीतून आणून देल्ली." गोपीचंदची मान खाली होती. "तू गेला असतास तर..."

केवळरामनं पायाचे पॅड सोडले, तिथंच मैदानात ठेवले आणि बस स्टँडकडे निघाला.

बालाघाटहून तुमसर, तुमसरहून भंडारा, तिथून पवनी. आसगावला पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. अंगणात सेवकराम मुंडन करून बसला होता. केसांत गुलाल घेऊन आलेल्या थोरल्या भावाकडे त्यानं एकदा पाहिलं.

"दिवस बुडेपर्यंत वाट पाह्यली, दादा," तो म्हणाला. "लोकं म्हनत होते, आता नोको ठेवू. मंग मीच आग देल्ली."

केवळरामनं हिशेब केला नाही असं नाही. अकराला निघालो असतो तर दिवस बुडायच्या आत पोचलो असतो का? एखादी गाडी मिळाली असती तर कदाचित. त्या कदाचितनं त्याला पुढं कित्येक वर्षं झोपेतून उठवलं.

तो कामावर परतला, पण मैदानावर पुन्हा गेला नाही. लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं, आईच्या दुःखानं सोडलं. कुणी म्हणालं, ढाल आणली आणि डोक्यात हवा गेली. गोपीचंदनं तार लपवल्याचं केवळरामनं एकट्या शकुनबाईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चारचौघांत इचारा ना त्याले."

"इचारून माय वापस येते का?"

दोघं एकाच पाळीत, एकाच लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाणीत उतरत. खांद्याला खांदा लागायचा, पण शब्द नाही. गोपीचंदनं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. केवळराम भिंतीकडे बघत राहायचा. मग त्यानंही नाद सोडला. अशी जवळजवळ सात वर्षं गेली.

ब्याऐंशीला दिल्लीत आशियाड भरलं. हॉकीच्या अंतिम सामन्यात पुन्हा समोर पाकिस्तान. भैय्यालालच्या हॉटेलात पुन्हा गर्दी झाली. केवळराम हॉकीच्या बातम्यांच्याही वाटेला जात नसे, पण त्या दिवशी पाय तिकडं वळले. तो दाराशी उभा राहिला. गोपीचंद आत बाकावर होता.

पहिला गोल आपला झाला आणि हॉटेल दणाणलं. मग त्यांचा एक झाला. मग दुसरा, तिसरा. मग चौथाही. सामना संपला तेव्हा सात-एक झालं होतं. भैय्यालालनं रेडिओ बंद केला आणि सगळ्यांचा राग एकदम फुटला.

"त्या गोलीले कोनं घेतलं टीममंदी?"

"सात गोल! सात! देशाचं नाक कापलं त्यानं."

"आमच्या खाणीतला माणूस उभा केला असता तरी बरं झालं असतं," एकानं केवळरामकडे बोट दाखवलं. लोक हसले.

केवळराम आत आला. सात वर्षांत कुणी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"हसून काय राह्यले? गोलीच्या पुढं धा जन रायते. सात डाव चेंडू त्या धा जनाइच्या मंदातून आला. ते कुठं होते? त्याइचं नाव कोनी घेऊन राह्यलं का? गोली एकटा दिसते म्हनून त्यालेच धरता तुमी. त्या पोराले आज जेवन जाईन का, हे तरी इचारा."

भैय्यालाल कपबशा गोळा करू लागला. तेवढ्यात गोपीचंद उठला.

"मी होतो त्या धा जनाइतला," तो म्हणाला. लोकांना काही कळेना. "शहात्तर सालची ढाल तुमी ऑफिसात पाहता ना? त्या सामन्याच्या आधी याच्या मायच्या मौतीची तार आली होती. मी खिशात ठेवली. पाच-सहा घंटे. हा खेळत होता अन तार माह्या खिशात होती. यानं आजपर्यंत कोनाले सांगतलं नाई."

केवळराम त्याच्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, एखाद्या दिवशी हे उघडं पडलं तर आपल्याला समाधान वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोरचा माणूस म्हातारा दिसत होता, एवढंच त्याच्या ध्यानात आलं.

"चाल घरी," तो म्हणाला. "तुही बायको वाट पाहून राह्यली असन."

त्यापुढं दोघं कामापुरतं बोलू लागले. पूर्वीसारखं नाही. ड्रिलची दांडी दे, पाणी सरक, इतकंच. वसाहतीतल्या काहींनी गोपीचंदशी बोलणं सोडलं. काहींना त्यात एवढं काय, असंही वाटलं, ढाल तर आली होती.

पुढच्या वर्षी पितरपाटात, आईच्या श्राद्धाला, केवळराम आसगावला गेला. सेवकरामच्या अंगणात पंगत बसायला आली होती. वडे तळून झाले होते. इतक्यात फाट्याकडून गोपीचंद चालत येताना दिसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नाकाडोंगरीहून तीन गाड्या बदलून आला होता. कुंपणापाशी तो थांबला, चपला काढल्या आणि आत यावं की नाही ते न कळून तसाच उभा राहिला.

सेवकरामनं दादाकडे पाहिलं. केवळरामनं मांडलेल्या पंगतीत एक पान आणखी टाकलं, पाण्याचा गडवा आणून ठेवला.

"बस," तो म्हणाला.

गोपीचंद जेवायला बसला. त्यानं पहिला घास घेतला आणि हात पानातच ठेवला. केवळराम वाढत पुढं गेला, परत आला, त्याच्या पानात अजून थोडा भात घातला.

"माय असती तर तिनं तुले उपाशी जाऊ देल्लं नसतं," तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला.