नोंद घेतली, सर

गोरक्षनाथ सरांचं स्टिकर मी बनवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी चांगली बाई समजायला नको.

त्या स्टिकरमध्ये पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस डोळ्यांवर दस्ती बांधून, हातात पांढरी काठी घेऊन चाललेला दिसतो आणि दुसऱ्याच क्षणी कमरेपर्यंत जमिनीत जातो. पुन्हा वर येतो, पुन्हा जातो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चाललंच नाही. कुणाचा अहवाल राहिला, टाक स्टिकर. कुणाची गाडी चुकली, टाक स्टिकर.

आमची संस्था जालना जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये अंध मुलांना शिकवायला शिक्षक पाठवते. आम्ही अकरा जण. मी यशश्री, जालना शहरातल्या मस्तगडची, एम.एड. झालेली, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून ऑफिसात जरा वजन असलेली. गोरक्षनाथ सर धनगराच्या घरातले, कुठलासा डिप्लोमा केलेले, सतरा वर्षं भोकरदन तालुक्यात मोटरसायकलवर फिरणारे. त्यांच्या शर्टाला मेंढरांचा वास येतो असं मी एकदा म्हणाले होते. येत नव्हता. पण सगळे हसले होते, तेवढं मला पुरलं.

मुलाला काठीच्या आधारानं एकट्यानं चालायला शिकवायचं, ह्याला आमच्यात चलनवलन म्हणतात. आम्ही बाकीचे ते शाळेच्या व्हरांड्यात शिकवायचो. चार फेऱ्या, एक फोटो, सही, संपलं. सर मात्र मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता स्वतः डोळे बांधून चालायचे. तेही एकदा नाही, दर शनिवारी. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे की रस्ता दर आठ दिवसांनी बदलतो, आणि डोळसाला तो बदललेला कळत नाही, कारण तो न बघताच चुकवून जातो. आम्ही ह्याला नाटक म्हणायचो.

केदारखेड्याची शालू त्यांची विद्यार्थिनी. अकरा वर्षांची, जन्मापासून न दिसणारी. तिच्यावर सरांनी आठ महिने घालवले. घर, मग गिरणीचा आवाज, मग हापशाजवळची ओल, मग लिंबाखालचा गार पट्टा, मग शाळेचं फाटक. पोरगी एकटी शाळेत जायला लागली. तिचे वडील काकासाहेब ह्याला तयारच नव्हते. शेवटी त्यांनी एका अटीवर होकार दिला होता. शालू एकदा जरी पडली तरी काठी बंद, शाळा बंद, पोरगी कायमची घरात. सरांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत सुटायचे, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ती पाठ होती.

जूनपासून संस्थेनं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. दर शनिवारी चार वाजता सगळ्यांनी फोनवर जमायचं, प्रत्येकानं चलनवलनाची आपापली युक्ती व्हिडिओतून दाखवायची, म्हणजे एका गावातलं शहाणपण दुसऱ्या गावात पोचेल. कल्पना चांगली होती. पुण्याच्या एक मॅडम शिकवायच्या आणि मीटिंग चालवायचे मी. कुणाचा आवाज बंद, कुणाचा चालू, हे माझ्या बोटावर. ग्रुपची ॲडमिनही मीच. ग्रुपवर काहीही आलं की "नोंद घेतली, सर" असं उत्तर टाकायचं हे संचालक रामराव सरांनी मला नेमून दिलेलं काम होतं. मी ते संध्याकाळी एकदाच बसून, एका दमात सगळ्यांना टाकायचे. वाचायचं वगैरे नेमून दिलेलं नव्हतं.

सरांना ह्यातलं काहीच जमेना. कधी त्यांच्या चौकटीत नुसतं कपाळ दिसायचं, कधी छपराचा पत्रा. टाइप करता यायचं नाही म्हणून आवाजाचे मेसेज पाठवायचे, लांबच्या लांब. ते कुणीही ऐकत नव्हतं. मी तर नाहीच नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ आला. फोन मोटरसायकलच्या आरशाला रबरानं बांधून काढलेला. सर डोळे बांधून शाळेच्या फाटकाकडे येतात, काठी टेकवतात, पाऊल टाकतात आणि खाली जातात. चार वाजता मी तो मीटिंगमध्ये लावला. आवाजाच्या चौकोनात खूण करायची राहिली, म्हणून व्हिडिओ मुकाच चालला. लोक पोट धरून हसले. पुण्याच्या मॅडमनीही तोंडाला रुमाल लावला. कुणीतरी पुन्हा लावा म्हटलं, मी पुन्हा लावला.

सर स्वतः कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत होते. जालन्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेले, घोट्याला ताजं प्लास्टर. त्यांचं तोंड हलत होतं. आवाज मी बंद ठेवलेला. त्यांनी हात वर केल्याची पिवळी खूण केली. ही एक गोष्ट ते शिकले होते. ती खूण पंचवीस मिनिटं तिथंच होती. वेळ नव्हता असं मी नंतर सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. मला मजा येत होती.

मीटिंग संपल्यावर ग्रुपवर त्यांचा आवाजाचा मेसेज आला, एक मिनिट दहा सेकंदांचा. पाठोपाठ रामराव सरांचा आदेश आला की आठवडाभर केदारखेडा यशश्री मॅडम बघतील. मी संध्याकाळी नऊ मेसेजना नऊ वेळा "नोंद घेतली, सर" टाकलं. सरांनी त्याला हात जोडलेली खूण पाठवली. मॅडमनी नोंद घेतली म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला सांगायची त्यांना गरजच वाटली नाही. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी निवांत बसून त्या व्हिडिओचं स्टिकर केलं.

सोमवारी मी भोकरदनला पोहे खाल्ले, चहा घेतला आणि पावणेअकराला केदारखेड्यात उतरले. फाटकाशी गर्दी होती. शालूला नुकतंच वर काढलं होतं. मांडी मोडली होती, समोरचे दोन दात गेले होते, आणि खड्ड्यातल्या उघड्या सळईनं डावा गाल कानापासून ओठापर्यंत फाटला होता. ती रडत नव्हती. माझा आवाज ओळखून तिनं फक्त एवढंच म्हटलं.

"मॅडम, काठी जमिनीला लागल्ती. म्या बराबर टेकवल्ती."

तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. आत टाके घालत होते तेव्हा बाहेरच्या पायरीवर बसून मी सरांचा मेसेज पहिल्यांदा ऐकला.

"मॅडम, गोरक्षनाथ बोलून राह्यलो. शाळेच्या फाटकाम्होरं गटाराचं चेंबर खांदलंय. तोंडावर कामट्या टाकून वरून बारदान हातरलंय. काठी टेकली की जमीनच वाटती. मी सोता पडलो. ठेकेदाराची मानसं पुन्यांदा तसंच झाकून राह्यलीत, ऐकंनात. शालूचे मायबाप मेंढ्या घेऊन पूर्णेच्या पल्याड गेलेत, तिकडं फोन लागत न्हाई. घरात आत्या हाय, ती पहाटंच कापूस येचाया जाती. तव्हा सोमवारी साडेनवाला तुमी घरूनच तिला हाताला धरून न्या. बिलकुल इसरू नका. बाकी पाय बरा हाय माझा."

मी तो दोनदा ऐकला. मला रडू आलं, हे खरं आहे. रडून झाल्यावर मी तो मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला. ॲडमिनला ते करता येतं. त्याखालचं माझं "नोंद घेतली, सर" हेही काढलं. दोन्ही जागी मेसेज काढल्याची एकेक ओळ उरली. तशा ओळी ग्रुपवर रोजच असतात, कारण शुभ सकाळ, शुभ संध्याकाळची चित्रं मी नेहमीच काढते.

गुरुवारी ऑफिसात चौकशी झाली. आधी त्यांनी सरांचा व्हिडिओ लावला, ह्या वेळी आवाजासकट. त्यात सर खड्ड्यातूनच ओरडून सांगत होते की इथं पोरगी पडेल. रामराव सर म्हणाले, म्हणजे तुम्हाला शनिवारीच धोका माहीत होता, तरी तुम्ही घरच्यांना कळवलं नाही. ज्या व्हिडिओला आम्ही हसलो होतो तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

"म्या ग्रुपवर सांगितल्तं," सर म्हणाले. "मॅडमनी नोंद घेतल्ती."

ग्रुप वर-खाली करून पाहिला. काही नव्हतं. मेसेज काढल्याची ती ओळ दाखवून, हे काय होतं, असं रामराव सरांनी मला विचारलं. शुभ संध्याकाळ असेल, मी म्हटलं. इतर नऊ जण तिथंच बसले होते. त्यातल्या एकानंही तो मेसेज ऐकलेला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. सरांनी स्वतःचा फोन काढला, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ शोधला. त्यांच्या फोनमधूनही तो गेलेला होता. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलतील.

"मंग माझ्याकूनच बटन दाबायचं ऱ्हायलं असंल," ते म्हणाले. "मला ह्यातलं काई जमत न्हाई."

अहवालावर साक्षीदार म्हणून मी सही केली. सरांचं काम त्याच दिवशी गेलं.

काकासाहेब पाचव्या दिवशी परतले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. कुबडी घेऊन दारात आलेल्या सरांना ते फक्त एवढंच म्हणाले, "तुमचा शब्द व्हता." शालूची मांडी जुळली. चालता येतं तिला, पण आता ती उंबऱ्याच्या आतच चालते, भिंतीला हात लावून. पांढऱ्या काठीनं काकासाहेब मेंढरं हाकतात.

परवा नवीन जालन्यात स्टेशनकडे जाताना एका बियाणं गोदामाच्या दारात सर दिसले. खाकी शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. मी तोंड फिरवून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली आणि लंगडत उठून मला खुर्ची दिली. म्हणाले, देवानंच तुम्हाला धाडलं. दर रविवारी ते काकासाहेबांच्या फोनवर शालूसाठी मेसेज बोलून ठेवतात, गावातला रस्ता आता कसा आहे, गिरणी कुठल्या वेळेला चालू असते, फाटकापाशी काय आहे. सुटीच्या दिवशी जाऊन अजून डोळे बांधून चालतात. तिकडून उत्तर कधीच येत नाही. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"आवाज गेला का न्हाई ते कसं वळखायचं, तेवढं शिकवा. मागल्या बारीला माझ्या चुकीपायी पोरगी मोडली. पुन्यांदा तसं नगं व्हायला."

मी शिकवलं. अंगठा कुठं दाबायचा, कधी सोडायचा. बाजूला दोन बारीक खुणा उमटल्या की पोचला म्हणून समजा, असं सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्या खुणांकडे पाहत राहिले.

"तव्हा पन दोन आल्त्या, मॅडम," ते हळूच म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "का मलाच तसं वाटलं असंल?"

"तसंच वाटलं असेल, सर," मी म्हटलं.