नाव घे, शालू!

मेथी निवडत बसले होते आणि कल्याणच्या हॉस्पिटलातून शालूच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई गेली..." पुढे काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. महिना उलटून गेला, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. दुःख आहेच हो, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत राहतं.

ठाण्याला कोपरीत आमची दारं समोरासमोर. आपण बायका चारजणींनी धरून बसवल्यावर नाव घेतो, तेही लाजत, तेच ते ठरलेलं. शालूला धरावं लागत नसे. भाजीवाल्यासमोर, जिन्यात, रेशनच्या रांगेत, कुठेही सुरू. एकदा दोन दिवस पाणी नव्हतं, सगळ्याजणी वैतागलेल्या, आणि ही रिकामी कळशी कडेवर घेऊन म्हणाली, "नळाला नाही पाणी, हंडे बसले रुसून, वसंतराव म्हणतात, चालेल गं, अंग घेतो पुसून!" वसंतराव म्हणजे तिचे यजमान. ते बिचारे दारात उभे, कान लाल. "अगं, माझी अब्रू ठेव जरा!" पण ऐकायला थांबलेले असायचे, हे मी बघितलंय.

मग आमच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यांची स्पर्धा ठेवली. कौतुकानेच ठेवली, तिच्यासाठीच म्हणा ना. पहिलं बक्षीस पैठणी, ते शालूलाच मिळालं. पुढच्या वर्षी मिक्सर, तोही तिलाच. आम्ही टाळ्या वाजवून हात लाल केले. त्यानंतर वरच्या मजल्यावर बारसं होतं. मी म्हटलं, "नाव घे, शालू!" तर कानाशी येऊन म्हणते, "आत्ता नको गं. एक मस्त सुचलाय, पण तो स्पर्धेला ठेवलाय."

ठेवलाय! लोणचं ठेवावं तसा. तेव्हा हसले मी. आता तोच शब्द आठवत राहतो.

तिसऱ्या वर्षी एका नव्या सुनेने मोबाईलवरून पाठ केलेला उखाणा म्हटला आणि बक्षीस घेऊन गेली. शालूने तिलाही टाळ्या वाजवल्या. पण जिना मुका झाला, रेशनची रांग मुकी झाली. मंडळाने पुढे स्पर्धाही बंद केली, तरी ही गप्पच. "घे की गं एखादं नाव," म्हटलं तर म्हणायची, "कशाला? बक्षीस कुठाय?" हसूनच म्हणायची... हॉस्पिटलात आयाबाईंनी गमतीने विचारलं, "आजी, यजमानांचं नाव काय?" मी श्वास धरून बसले. आता घेईल, आता घेईल... शालू म्हणाली, "वसंत." बस्स, एवढंच.

कोणाला दोष देऊ? पैठणी काय वाईट असते? तिचा आनंद तिला फुकटच मिळत होता, आम्ही त्याला बक्षीस चिकटवलं आणि तो बक्षिसासकट निघून गेला. आता नातीने पुस्तक वाचलं की सून तिला चॉकलेट देते, तर मी उगाच धास्तावते. सून म्हणते, "आई, काहीतरीच तुमचं!"

परवा मंडळाच्या मुली वसंतरावांकडे आल्या. शालूच्या नावाने पुन्हा स्पर्धा सुरू करायची म्हणत होत्या, मोठी बक्षिसं लावून. मीही तिथेच होते.

"करा," वसंतराव म्हणाले, "पण बक्षीस नको."

"अहो काका, मग येणार कोण?"

"नाही आलं कोणी, तर नाही." मग म्हणाले, "आधी ती माझं नाव घ्यायची हो. बक्षीस आल्यावर उखाणा घ्यायला लागली."

मुली कळवतो म्हणून गेल्या. मी आत जाऊन चहा केला, कप त्यांच्यापुढे धरला. ते घेईनात. हात अर्धा पुढे, नजर माझ्या तोंडाकडे. आधी मला कळलंच नाही. मग उमगलं, या घरात एके काळी कप असा नुसता हातात दिला जात नसे, आणि हे अजून थांबतात.

मला दोन ओळी जुळवता येत नाहीत. आणि ते नाव मी घ्यायचं नव्हेच.

"घ्या भावजी," म्हटलं, "गार होतोय."